समुद्राअलीकडे बंद पडणारा कॉम्प्युटर

खुशाल खोब्रागडे गाडी चालवायचे ती बैलगाडीच्या बेताने, आणि तीही कॉम्प्युटरवर. एरवी सायकल आणि एक म्हातारी लुना सोडून त्यांनी आयुष्यात काही चालवलं नव्हतं. पोराने मागे ठेवलेल्या त्या शर्यतीच्या गेममध्ये बाकीच्या गाड्या सुसाट निघून जायच्या, आणि खुशालभाऊ आपले रस्त्याच्या डाव्या कडेने, डोंगर बघत, हॉर्नचं बटण कुठलं ते शोधत चाललेले असायचे. "ज्याले घाई आहे त्याले जाऊ द्या," असं ते पडद्याला सांगायचे. शेवटचा नंबर नक्की असला की माणसाला इकडेतिकडे पाहायला सवड मिळते.

या रस्त्याच्या शेवटी समुद्र आहे, असं त्या पोराने, अश्विनने, कधीतरी सांगितलं होतं. खुशालभाऊंनी समुद्र पाहिला नव्हता. भद्रावतीच्या माणसाने वर्धा नदी पाहिली, वैनगंगा पाहिली, तरी पाण्याच्या बाबतीत त्याचं समाधान होतं. पण बायको, अंजनाबाई, वारल्यापासून संध्याकाळ फार लांबायला लागली होती. टीव्हीवरची माणसं आपापसातच बोलतात, त्यात आपल्याला कोणी विचारत नाही. निदान या गेममध्ये आपण गेलो तरच गाडी जाते. म्हणून ते रोज दिवेलागणीला बसायचे, गाव ओलांडायचे, बोगदा ओलांडायचे, आणि पुलावर आले की कॉम्प्युटर पटकन बंद पडायचा. काळा पडदा, आणि त्यात आपलंच तोंड.

हिवाळाभर तो असा कधी पडला नव्हता, पण तेव्हा खुशालभाऊ बटणं शिकत जेमतेम बोगद्यापर्यंत पोहोचायचे. मार्च लागला आणि हे सुरू झालं.

खुशालभाऊ आयुधनिर्माणीत तपासनीस होते. तयार झालेला माल मापाने तपासायचा, बसला तर ओकेचा छाप मारायचा, नाही बसला तर बाजूला काढायचा, हे काम त्यांनी रिटायर होईपर्यंत केलं. लोक विनवण्या करायचे, भाऊ, केसभर फरक आहे, सोडा की. खुशालभाऊंचं एकच उत्तर ठरलेलं, "माप सांगते ते मी सांगतो." चांगला माल नापास करणं आणि खराब पास करणं, दोन्ही सारखंच पाप, असं ते म्हणायचे. त्यांच्याबरोबर चहा प्यायला फार माणसं येत नसत, ते यामुळेच असावं.

पोरगा अश्विन पुण्याला. चंद्रपूरला शिकत असताना त्याने नागपूरहून एकेक भाग आणून हा कॉम्प्युटर घरच्या पलंगावर स्वतःच्या हाताने जोडला होता. आता तो पुण्याला कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करायचा. परदेशातल्या माणसांचे कॉम्प्युटर बिघडले की ती माणसं फोन करत आणि हा त्यांना काय दाबा, काय उघडा ते सांगे. घरी त्याचा फोन रविवारी दुपारी यायचा. जेवलात का, गोळी घेतली का, ऊन फार आहे का. तीन प्रश्न, तीन हुंकार, आणि "ठेवतो बाबा." कधी येशील असं विचारलं की तो म्हणायचा, "बघतो." बघतो म्हणजे नाही, हे सगळ्या आईबापांना कळतं. आई वारली तेव्हाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर तो आला नव्हता.

मार्चमधल्या एका रविवारी तिन्ही प्रश्न संपले आणि खुशालभाऊंना वाटलं, आणखी थोडं बोलावं. पण बोलायला काही नव्हतं. म्हणून ते म्हणाले, "तुहा कॉम्प्युटर बंद पडून राह्यला बाप्पा."

पलीकडचा आवाज एकदम बदलला. "बंद म्हणजे कसा? स्क्रीन निळी होते की सरळ काळी? किती वेळ चालल्यावर? बाबा, घाई नाही. सावकाश बघून सांगा. मी थांबलोय."

मी थांबलोय. खुशालभाऊ रिसीव्हरकडे बघत राहिले. हा पोरगा लहानपणी दोन वाक्यांत चिडायचा, आणि आता थांबला होता. फोन पुढच्या खोलीत, कॉम्प्युटर मधल्या खोलीत, वायर पुरायची नाही. मग खुशालभाऊ आत जायचे, पाहायचे, येऊन सांगायचे, पुन्हा आत जायचे. पंखा फिरतो का? फिरते. मागून येणारी हवा गरम लागते का? लय गरम. त्या दिवशी बोलणं इतकं लांबलं की ठेवताना कान तापला होता. आणि शेवटी अश्विन झोपेतल्या माणसासारखा म्हणाला, "आणखी काही मदत हवी आहे का?"

दोघंही हसले. अश्विन म्हणाला, "सवय हो बाबा. फोन ठेवायच्या आधी हे विचारावंच लागतं. नाही विचारलं तर मार्क कापतात."

"मंग लोकं काय म्हणते?"

"काही नाही. थँक्यू म्हणून ठेवून देतात. विचारायचं म्हणून विचारायचं."

दुसऱ्याच दिवशी खुशालभाऊंनी बाजारातून टेलिफोनची लांब वायर आणली आणि फोन कॉम्प्युटरशेजारी नेऊन ठेवला.

मग सुरू झाली तपासणी. रविवारचा फोन बुधवारीही यायला लागला, पुढे पुढे तर मध्येच कधीही. अश्विनची पहिली शंका गरम होण्यावर. प्रोसेसर तापला की कॉम्प्युटर स्वतःला वाचवायला बंद होतो, असं त्याने समजावलं. खुशालभाऊंनी कॅबिनेट उघडून सायकलच्या पंपाने आतली धूळ उडवली. भद्रावतीची धूळ ती, कोळशाची. सगळं तोंड काळं झालं, आणि बऱ्याच महिन्यांनी ते एकटेच आरशासमोर हसले. पंप झाला, तरी पुलावर बंद. प्रोसेसर आणि त्याच्यावरच्या पंख्याच्या मध्ये लावायची पांढरी पेस्ट आणली, अश्विनने सांगितलं तशी वाटाण्याएवढी लावली. तरी पुलावर बंद.

"आता साइडचं पॅनल काढूनच ठेवा," अश्विन म्हणाला. "उघडाच चालवा. उघडा असून बंद पडला, तर मग गरमीचा प्रश्न नाही."

"काढलं," खुशालभाऊंनी पुढच्या वेळी सांगितलं. "तरी पडला."

"नक्की? वर काही ठेवलेलं नाही ना?"

"काही नाई."

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात उघडं ठेवतात ते फक्त तोंड. कोळशाच्या खाणी जवळ, ट्रकांची ये-जा दिवसभर, सकाळी पुसलेल्या ओट्यावर दुपारी बोटाने नाव लिहावं. त्यामुळे प्रत्येक घरात प्रत्येक वस्तूला कपडे असतात. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, रेडिओला, शिलाई मशीनला, पाण्याच्या माठालासुद्धा. अंजनाबाई या कामात गावात एक नंबर. कॉम्प्युटर घरात आला त्याच आठवड्यात तिने त्याला जुन्या ब्लँकेटचं अस्तर घालून कव्हर शिवलं. वर निळ्या साडीचा काठ, खाली झालर, आणि पुढे बटणापुरती, सीडी घालण्यापुरती खिडकी, म्हणजे कव्हर न काढताच काम व्हावं. अश्विन मात्र बसला की पहिल्यांदा ते ओढून पलंगावर फेकायचा आणि आईची बोलणी खायचा. खुशालभाऊ बायकोच्या बाजूचे. त्यांच्या लेखी ते कव्हर कॉम्प्युटरवर ठेवलेलं नव्हतंच, ते कॉम्प्युटरचं अंग होतं. पॅनल काढताना, पेस्ट लावताना ते कव्हर काढून घडी करत, आणि काम झालं की नीट चढवून मगच मशीन सुरू करत. कारखान्याची शिस्तच होती ती. वस्तू जशी वापरायची, तशीच तपासायची.

तेव्हा पॅनल उघडं होतं, यात खोटं काही नव्हतं. त्यावर ब्लँकेट होतं, एवढंच.

झालं. अश्विनने गरमी हा मुद्दा खोडून टाकला आणि पुढचे दोन महिने आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा कारभार चालला. मेमरीची पट्टी काढून खोडरबरने पुसली. गेम काढून पुन्हा टाकला. विंडोज नव्याने टाकली, त्यात खुशालभाऊंची एक पूर्ण दुपार गेली आणि अश्विनची झोप. वीजपुरवठ्याच्या डब्याचा संशय आला म्हणून खुशालभाऊंनी कव्हर घरी ठेवलं आणि मशीन रिक्षात घालून अल्ताफच्या दुकानात नेलं. अल्ताफ गावातला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, बोलका माणूस. संध्याकाळी त्याने सांगितलं, "काका, इथी तो सकाळपासून चालू आहे. मी सवताच गेम खेळलो. कुछ नहीं हुआ. तुमच्या घरच्या करंटमध्येच लोचा असंल."

दुकानात चालतो, घरी पडतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. खुशालभाऊंनी घरचं वायरिंगही तपासून घेतलं.

खरं सांगायचं तर त्यांना या सगळ्याचा कंटाळा येत नव्हता. सकाळी उठलं की आज काय तपासायचं ते ठाऊक असायचं. फोन वाजला की पहिल्या घंटीला उचलू नये, दुसरीला उचलावा, असं त्यांनी ठरवून घेतलं होतं. पोराला वाटायला नको की बाप फोनजवळच बसून असतो. अश्विनचा तो शांत, थांबणारा आवाज नोकरीचा आहे, परक्या माणसांना तो पगारासाठी द्यावा लागतो, हे त्यांना कळत होतं. पण तहानलेल्याने पाणी कोणाच्या विहिरीचं ते विचारू नये.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमा आली. त्याच्या आदल्या दिवशी अंजनाबाई सगळं घर धुवायची. खुशालभाऊंनीही सगळी कव्हरं काढली, बादलीत भिजवली, काळं पाणी तीनदा फेकलं आणि कव्हरं दोरीवर टाकली. बाकीची वाळली. ब्लँकेटवालं मात्र जड, ते संध्याकाळपर्यंत ओलंच राहिलं. पौर्णिमेला सकाळी पांढरा सदरा घालून ते गावाजवळच्या विजासनच्या बौद्ध लेण्यांवर जाऊन आले. तिथे वंदना झाली, ओळखीचे भेटले, "पोरगा नाई आला का?" असं सगळ्यांनी विचारलं. घरी येऊन खीर केली. एका माणसाची खीर करायची म्हणजे दूध किती घ्यावं तेच कळत नाही. उरली ती शेजारी दिली.

संध्याकाळी ते गेमला बसले. कव्हर आदल्या संध्याकाळी ओलसरच घडी घालून पलंगावर ठेवलं होतं, आणि काठाशी अजून ओल होती म्हणून चढवलं नव्हतं. गाव गेलं. बोगदा गेला. पूल आला आणि खुशालभाऊंनी सवयीने बटणावरची बोटं सैल केली. पूलही गेला. त्यांना कळेना आता काय करायचं. पुढचा रस्ता त्यांच्या ओळखीचा नव्हता. नारळाची झाडं लागली, एक वळण आलं, आणि वळणापलीकडे निळं पाणी पडदाभर पसरलं.

त्यांनी गाडी थांबवली. बाकीच्या गाड्या केव्हाच शर्यत संपवून घरी गेल्या होत्या. लाटा येत होत्या, जात होत्या, आवाजासकट. खुशालभाऊ मान वळवून म्हणाले, "अंजना, पाह्य ना."

मागे पलंग होता, आणि पलंगावर कव्हर. मग त्यांनी त्या कव्हरकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, कारण शेवटी ते तपासनीस होते. कॅबिनेटला हात लावून बघितला. कोमट. उठून कव्हर चढवलं, पुन्हा गाव, बोगदा, पूल. पुलावर बंद. कव्हर काढलं, निवू दिलं, पुन्हा गेले, आणि पुन्हा समुद्र. माप स्पष्ट बसलं होतं. ज्या दुखण्यासाठी पुण्यापर्यंत तारा हलल्या, ते त्यांच्या घरच्या ब्लँकेटचं निघालं. ते स्वतःशीच हसले. अश्विन किती हसेल, याचा विचार करत झोपले.

रविवारी फोन आला तेव्हा वाक्य तयार होतं. तुही माय जाता जाता कॉम्प्युटरले पांघरूण घालून गेली बाप्पा, असं म्हणायचं होतं.

"काय म्हणतो कॉम्प्युटर?" अश्विनने विचारलं. हल्ली तो आधी हेच विचारायचा, जेवलात का ते नंतर.

खुशालभाऊंनी तोंड उघडलं, आणि पुढचा रविवार त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. तीन प्रश्न. तीन हुंकार. ठेवतो बाबा.

"पडला," ते म्हणाले. "पुलावरच पडला."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ओके मालाला नापास केलं होतं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. संध्याकाळी ते समुद्रापर्यंत गेले, थांबले, परत आले. इतक्या महिन्यांनी तो रस्ता संपला होता आणि ते कोणालाच सांगता येत नव्हतं. रस्ता अर्धा होता तेव्हा तरी त्याबद्दल बोलायला कोणी होतं.

खोटं एकदा बोललं की त्याला रोज वैरण घालावी लागते. मदरबोर्डची बॅटरी बदलली म्हणून सांगितलं, अमुक वायर हलवली म्हणून सांगितलं. शेवटी एका फोनवर अश्विन सुस्कारा टाकून म्हणाला, "बाबा, मदरबोर्डच गेला असणार. हे फोनवर होणारं काम नाही. मी येतो."

"तू?"

"रजा टाकतो. पुढच्या शनिवारी निघतो. मित्राकडे एक जुना मदरबोर्ड पडलाय, तो घेऊन येतो."

खुशालभाऊंनी पोराचा पलंग बाहेर काढून ऊन दाखवलं. गादी झोडली. कुलरमध्ये नवा वाळा भरला. बाजारात जाऊन सुके झिंगे आणले, कारण वांग्यात झिंगे म्हटलं की अश्विन ताट चाटायचा. कव्हरही त्यांनी पुन्हा चढवून ठेवलं, कॉम्प्युटर अश्विनसमोर पुलावर पडायला हवा म्हणून. मग ते कव्हर त्यांनी काढलं. पुन्हा चढवलं.

निघायच्या दोन दिवस आधी अश्विनचा फोन आला. आवाज घोगरा, मध्येच खोकला.

"काय झालं रे तुले?"

"काही नाही. रजा मिळाली, पण त्याबदल्यात डबल पाळी करतोय. दिवसा पण आणि रात्री पण. झोपेन गाडीत." तो हसायला गेला आणि खोकला. "कॉम्प्युटर तसाच आहे ना? काही बदल?"

खुशालभाऊंनी कव्हरवरून हात फिरवला. निळ्या काठाचे टाके एकसारखे होते. बायको शिवताना एक टाका चुकला तर उसवून पुन्हा घालायची. तिकडे पोरगा न झोपता लोकांचे बिघाड ऐकत बसला आहे, आणि त्यात एक बिघाड आपला, तोही नसलेला.

"अश्विन," ते म्हणाले, "कॉम्प्युटर ओके आहे."

"म्हणजे?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. कव्हर, ब्लँकेट, झालर.

"म्हणजे तुम्ही साइड उघडी ठेवली म्हणालात, तेव्हा वरून आईचं कव्हर होतं?"

"हाव."

"आणि मी विचारलं वर काही आहे का..."

"ते वर ठेवलेलं थोडीच आहे. ते त्याचंच आहे."

अश्विन हसला नाही. त्याने विचारलं, "चालू कधीपासून आहे?"

इथे खोटं बोलता आलं असतं. काल कळलं म्हणता आलं असतं. "पौर्णिमेपासून," खुशालभाऊ म्हणाले. माप सांगते ते.

पलीकडे, अश्विनच्या मागे, कुणाचे तरी फोन वाजत होते, माणसं इंग्रजीत बोलत होती. मग अश्विनने घसा साफ केला. त्याचा आवाज पुन्हा तो झाला, शांत, सपाट, सगळ्यांना मिळणारा. "ठीक आहे. म्हणजे प्रॉब्लेम सुटलाय. मग रजा रद्द करतो, यायची तशी गरज नाही. कव्हर काढूनच चालवत जा." आणि त्याच दमात, थकव्याने, सवयीने, "आणखी काही मदत हवी आहे का?"

लोक थँक्यू म्हणतात आणि ठेवतात.

"हाव," खुशालभाऊ म्हणाले. "पाह्यजे."

पलीकडे तो गोंधळला. या प्रश्नाला असं उत्तर त्याला बहुधा कोणी दिलं नव्हतं. "काय बिघडलं अजून?"

"काही नाई बिघडलं. मले करमत नाई, अश्विन. घरात कोणी नाई. तू ये."

बोलून झालं आणि खुशालभाऊंना लाज वाटली. बायको गेली तेव्हाही ते असं कुणापुढे बोलले नव्हते. त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"बाबा," अश्विन म्हणाला. आवाज घोगराच होता, पण आता तो घरचा होता. "मंग तुम्ही समुद्रापर्यंत पोहोचले का?"

"पोहोचलो. रोजच जातो."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"कसा सांगू? सांगतलं असतं, तर तू फोन ठेवला असता."

अश्विनने फोन ठेवला नाही.